‘घरी न्या’ म्हणतात त्या दिवसापासून

‘आता धोका टळलाय, घरी न्या,’ हे वाक्य बोलायला मिनिटभर पुरतं. लकव्याच्या रुग्णासोबत मिळणाऱ्या फाइलमध्ये औषधांची यादी असते, पुढच्या तारखेला दाखवायला यायचं असतं आणि शेवटी एक ओळ असते, फिजिओथेरपी चालू ठेवा. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चहा कसा पाजायचा, कपडे कोणत्या हातातून आधी काढायचे, यातलं काहीच त्या फाइलमध्ये नसतं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना ते एकदमच कळतं.

लकवा म्हणा, अर्धांगवायू म्हणा, पक्षाघात म्हणा. पहिले आठ-दहा दिवस हा आजार डॉक्टरांचा असतो, त्यापुढची दोन-चार वर्षं घरच्यांचा. आणि घरात बहुतेक वेळा नुकती नोकरी लागलेलं, बावीस ते सत्तावीस वयाचं कुणीतरी असतं. गाडी तेच चालवतं, फॉर्म तेच भरतं आणि बाबांना उचलायची ताकदही त्याच्याकडेच असते. हे लिखाण त्या मुलांसाठी आणि मुलींसाठी आहे. एवढं ओझं एवढ्या लवकर अंगावर यायला नको होतं, हे खरंच आहे. पण निम्मा त्रास आजाराचा असतो आणि निम्मा कुणी काही शिकवलेलं नसल्याचा. हा दुसरा निम्मा कमी करता येतो.

घरी न्यायच्या आधी एक गोष्ट नक्की विचारून घ्या: मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती की फुटून रक्तस्राव झाला होता? दोन्हींत अंग सारखंच लुळं पडतं, पण औषधं वेगळी असतात. गुठळी असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी सहसा कायम चालते. रक्तस्राव असेल तर तीच पातळ करणारी गोळी घातक ठरू शकते. शेजारच्या काकांना हीच गोळी चालू होती, म्हणून ती आपल्याकडेही सुरू करणारी घरं आहेत. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. रात्री दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं, तर तिथला डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतो.

आता अंगाकडे येऊ. पडून असलेल्या माणसाचा पहिला शत्रू म्हणजे बेडसोर. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, तिथलं रक्त थांबतं आणि काही तासांत ती मरायला लागते. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड, घोटा, खांद्याचं पातं आणि डोक्याची मागची बाजू, या जागा रोज उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला की बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर जखम आतून सुरू झालेली आहे, त्या बाजूवर आता झोपवायचंच नाही. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. म्हणून हाताने बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दबदबीत लागतंय का.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पूर्ण आडवं कुशीवर टाकायचं नाही, त्याने सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून अर्धवट कलतं ठेवायचं, दोन्ही गुडघ्यांमध्ये दुसरी उशी, आणि पोटरीखाली तिसरी अशी की टाच अधांतरी राहील. टाच गादीला टेकली नाही की टाचेची जखम होत नाही, इतकं सोपं आहे. लाल झालेल्या जागी चोळू नका, आतली दबलेली कातडी त्याने फाटते. पावडर थापू नका, घामाबरोबर तिचा लगदा होऊन कातडी सोलते. मधे भोक असलेली रबरी गोल गादीही नको, तिच्या कडेने उलट रक्त अडतं. हवेची गादी, म्हणजे दुकानात जिला अल्फा बेड म्हणतात ती, जरूर घ्या. पण ती घेतली म्हणजे कूस बदलायला नको, असं समजून चालणारी घरं जखमेपर्यंत जातात. ती दोन तासांचं काम थोडं सोपं करते, रद्द करत नाही.

वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते आणि हाड पुढे जातं, मधला थर फाटतो. कमरेपासून खांद्यापर्यंत येईल अशी एक चादर दुहेरी घडी करून कायम अंगाखाली आडवी ठेवा. दोन बाजूंना दोघं, चादरीची टोकं अंगाजवळ गुंडाळून धरायची, एक-दोन-तीन म्हणून उचलून सरकवायचं. आईची पाठ वाचवायची असेल तर ही एक चादर दहा मलमांपेक्षा उपयोगी आहे.

लुळ्या बाजूच्या खांद्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथली चूक घरातली माणसं प्रेमापोटीच करतात. लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडतात आणि हाताचं वजन सांध्याला खाली ओढत राहतं. उठवताना कुणी तो हात धरून ओढला की खांदा निसटतो, मग पुढे महिनोन् महिने दुखणं. व्यायाम करायचा म्हटलं की बाबा ओरडतात आणि लोकांना वाटतं, आळस करताहेत. खुर्चीत बसवलं की तो हात उशीवर किंवा पाटावर टेकलेला हवा, बाजूला लोंबकळत नको. भेटायला आलेले पाहुणे हटकून तोच हात हातात घेऊन वर उचलतात, ‘हलतोय का बघू.’ त्यांना सांगायला संकोच करू नका.

कपड्यांचा नियम एका ओळीत बसतो: घालताना आजारी हात आधी, काढताना आजारी हात शेवटी. बनियनऐवजी पुढून उघडणारा सदरा आणि नाडीऐवजी इलॅस्टिकची पँट ठेवली की रोजची वीस मिनिटं वाचतात.

पलंगावरून खुर्चीत बसवणं ही अवघड वाटणारी पण शिकण्यासारखी गोष्ट आहे. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची, पलंगाला तिरकी. चाकांची असेल तर ब्रेक लावलेत का ते दोनदा बघायचं. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसवायचं. बरेच दिवस झोपलेल्या माणसाला बसवलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, लगेच उभं केलं तर ते तुमच्या अंगावरच कोसळतात. तळवे जमिनीवर सपाट, पायात न घसरणारी चप्पल, मोजे नाहीत. तुमचे गुडघे त्यांच्या लुळ्या गुडघ्याला समोरून टेकवायचे, म्हणजे तो मुडपत नाही. हात त्यांच्या कमरेला, रुंद पट्टा बांधला असेल तर पट्ट्याला. आणि मग सांगायचं: ‘बाबा, पुढे वाका, नाक बोटांच्या पुढे येऊ द्या.’ पायाच्या बोटांपुढे नाक आलं की शरीराचं वजन पायांवर येतं आणि उठणं आपोआप हलकं होतं. सरळ वर ओढायला गेलं तर दोन माणसांनाही जमत नाही. फिजिओथेरपिस्ट घरी येतो तेव्हा व्यायाम बघत बसण्यापेक्षा त्याच्याकडून हे उठवणं आपल्या हाताने तीन-चारदा करून घ्यावं. त्याच्या फीमधला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

कमरेत टेकू नसेल तर फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडची बाजू वर करता येणारा पलंग, भाड्याने मिळतो. पहिल्या तीन महिन्यांसाठी भाड्यानेच घ्यावा, पुढे किती गरज राहील ते तेव्हाच कळतं. तेवढे पैसे नसतील तर प्लॅस्टिकची खुर्ची पालथी घालून तिची पाठ उशीमागे तिरकी लावली तरी जेवायला बसण्यापुरतं काम होतं.

जेवण. इथे घाई केली तर न्यूमोनिया होतो, आणि लकव्याच्या पहिल्या काही महिन्यांत माणसं दगावतात त्यातलं हे एक मोठं कारण आहे. घसा नीट बंद होत नाही, पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागला तर निदान कळतं, काहींना ठसकाच येत नाही. म्हणून घोट दिल्यावर बोलायला लावायचं. आवाज घुळघुळीत, पाण्यातून आल्यासारखा झाला तर ते पाणी चुकीच्या वाटेला आहे, थांबायचं. पातळ पदार्थ सगळ्यात धोक्याचे. पाणी, चहा, वरणाचं पाणी हे घसरून जातात. घट्ट पेज, नाचणीचं सत्त्व, दही, मऊ खिचडी त्यापेक्षा बरी. आपण आजारी माणसाला पातळ द्यायचं शिकलेलो असतो, इथे ते उलटं आहे. किती घट्ट द्यायचं ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला विचारून घ्यावं.

बसवून भरवायचं, हनुवटी किंचित छातीकडे. डोकं मागे टाकून तोंडात ओतायचं नाही, तसं केलं की श्वासनलिका उघडीच राहते. चहाचा चमचा पुरे, जेवणाचा मोठा चमचा नको. घास चांगल्या बाजूच्या गालात ठेवायचा. जेवण झालं की लुळ्या बाजूच्या गालात बोट किंवा ओला कापूस फिरवून बघायचं, तिथे निम्मा घास अडकलेला सापडतो आणि झोपवल्यावर तोच घशात उतरतो. जेवल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. टीव्ही बंद, बोलणं बंद. दात रोज दोनदा घासायचे, जेवण नळीने चालू असलं तरीही. घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली की संसर्ग होतो.

नाकातून नळी असेल तर नाकपुडीपाशी तिच्यावर जो आकडा येतो तो वहीत लिहून ठेवा. रोज पहिल्या जेवणाआधी तोच आकडा आहे ना बघायचं. बदलला असेल तर काहीही न देता सिस्टरला फोन करायचा. सिरिंजने थोडं मागे ओढून पोटातलं येतंय का पाहायचं, मग ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरायची आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं. दट्ट्याने ढकललं की उलटी होते. एका वेळी २०० ते २५० मिली, दोन-तीन तासांच्या अंतराने, बाकी आहारतज्ज्ञ सांगेल तसं. आधी आणि नंतर ३० मिली साधं पाणी, नाहीतर नळी चोंदते. सगळं गाळून घ्यायचं, डाळीचं एक साल नळी बंद पाडायला पुरतं. गोळ्या वेगवेगळ्या कुटायच्या. पण कोटिंग असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, त्यांना दुसरा पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. नळी निघाली तर घरी परत घालायचा प्रयत्न कुणीही करू नये.

लघवी-संडासचं बोलायला घरात कुणाला आवडत नाही, आणि खर्चाचं सगळ्यात मोठं भगदाड तिथेच असतं. दिवसाला तीन डायपर, एकेक ३५ ते ५० रुपयांचा, म्हणजे महिन्याला तीन ते साडेचार हजार फक्त डायपरचे. दिवसा दर दोन तासांनी युरिन पॉट लावायचा, त्यांनी सांगितलं नाही तरी. दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणांना ती सवय लागते आणि डायपर रात्रीपुरता उरतो. पुरुषांसाठी बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर रात्रीला चांगली. आतली कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. कूस बदलताना पिशवी पलंगावर ठेवली की तीच लघवी परत आत जाते. तीन-चार तास पिशवीत थेंब नाही आणि पोट फुगलंय, तर नळी कुठे दबलीय का बघायचं. नसेल तर लगेच दवाखाना. आणि कालपर्यंत ओळखणारे बाबा आज अचानक बरळायला लागले, तर दुसऱ्या झटक्याबरोबर लघवीतला संसर्गही डोक्यात असू द्या. म्हाताऱ्या माणसाला ताप यायच्या आधी भ्रम होतो.

बद्धकोष्ठाला घरात पहिला हात इसबगोलाकडे जातो. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना ते देऊ नका, घशातच फुगून अडकतं. सकाळच्या चहानंतर वीस मिनिटांनी रोज ठरल्या वेळी कमोडच्या खुर्चीवर बसवणं हा जास्त चांगला उपाय, कारण पोटात काही गेल्यावर आतडं आपणहून हालचाल करतं. पलंगावर आडवं पडून शौच होणं धडधाकट माणसालाही कठीण आहे.

वडिलांना अंघोळ घालताना मुलाची किंवा मुलीची नजर कुठे असावी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण तो प्रत्येक घरात असतो. उपाय साधा आहे. अंगावर सतत एक टॉवेल हवा, जेवढा भाग धुतोय तेवढाच उघडा. आणि साबण लावलेला रुमाल त्यांच्या चांगल्या हातात द्यायचा. पोट, मांड्या, मधली जागा ते स्वतः पुसू शकतात, वेळ लागला तरी चालेल. आपण दहा मिनिटांत उरकू शकतो म्हणून उरकू नये. त्यांची लाज त्यांच्याकडे राहू द्यायची. पाणी मात्र आपल्या कोपराने तपासायचं, त्यांच्या लुळ्या हाताने कधीच नाही. त्या बाजूला चटका कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊन भाजलेले पाय या आजारात नेहमी बघायला मिळतात.

तेलाच्या मालिशबद्दल घराघरात वाद होतात. हलक्या हाताने केलेली मालिश चालते, बरं वाटतं, पण मेलेला मेंदूचा भाग तेलाने उठत नाही. हात-पाय परत चालू होतात ते व्यायामाने, कारण मेंदूचे शाबूत भाग ती कामं नव्याने शिकतात. सुधारणा सगळ्यात वेगाने पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांपर्यंत चांगली, पुढेही होते पण धिम्या गतीने. म्हणून ‘जरा अंगात ताकद येऊ दे, मग व्यायाम’ ही आपल्याकडची समजूत महाग पडते. आणि एक पाय सुजलेला, गरम, दुखरा दिसला तर त्याला मालिश अजिबात नको. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रबरी चेंडू दाबायला देण्याआधीही विचारा. मूठ आपोआप घट्ट आवळत असेल तर चेंडूने ती आणखी आवळते, अशा हाताला उघडायचा व्यायाम हवा.

मग येतात सल्ले. कबुतराचं रक्त लावा, अमक्या गावी लकव्याचं औषध देतात, तमक्या ठिकाणी तीन वाऱ्या करा. हे सांगणारी मावशी किंवा आत्या खरोखर जिवापाड कळवळ्याने सांगत असते, तिला तोडून बोलू नये. देवाला जायला हरकत नाही. कबुतर घरात येऊ द्यायचं नाही आणि कुठल्याही पुडीसाठी चालू गोळ्या थांबवायच्या नाहीत, एवढी रेघ ओढायची. ‘पथ्य म्हणून इंग्रजी औषधं बंद’ असं जिथे सांगतात तिथून उठून यायचं. बीपी ‘नॉर्मल’ आलं म्हणून गोळी सोडणं हीसुद्धा तीच चूक. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

झटका परत येऊ शकतो हे घरातल्या सगळ्यांना, धाकट्या भावंडांनासुद्धा, माहीत हवं. तोंड वाकडं, हात उचलला की खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी नव्याने दिसलं तर घड्याळ बघायचं आणि १०८ लावायचा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. म्हणजे स्कॅनची सोय असलेला दवाखाना कोणता हे आजच ठरवून ठेवायचं. ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ हा पहिला प्रश्न असतो. लकव्यानंतर काहींना फिट येते. तेव्हा कुशीवर वळवायचं, वेळ मोजायची, तोंडात चमचा, पाणी काही घालायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका.

पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण ती दवाखान्यात दाखल असताना, यादीतल्या रुग्णालयात, तिथे योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रामार्फतच लागते. घरी येऊन बिलं जोडून पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे दाखल करतानाच आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जायचं. घरचं फिजिओ, डायपर, सांभाळायला ठेवलेली मावशी यांना मात्र कुठलीच योजना सहसा धरत नाही, आणि महिन्याचं बजेट तिथेच कोलमडतं. तब्येत स्थिर झाली की दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त आलं की प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत सांभाळणाऱ्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,००० रुपयांची. बरीच कुटुंबं हे प्रमाणपत्र काढत नाहीत, कारण ‘दिव्यांग’ हा शब्द बाबांच्या नावापुढे लावायला हात धजत नाही. ते समजण्यासारखं आहे. तरी काढा.

बँकेचं खातं फक्त बाबांच्या नावावर आणि पिन फक्त त्यांच्या डोक्यात, हे दृश्य फार घरांत दिसतं. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. अंगठाही उमटत नसेल तर खूण चालते. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बँकेने घरी येऊन सेवा द्यावी असंही तिने सांगितलेलं आहे. शाखेत ‘त्यांनाच घेऊन या’ म्हणाले तर हे शांतपणे सांगायचं, लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. मुखत्यारपत्र करायचं असेल तर बाबांना सगळं समजत असतानाच. भान नसताना घेतलेला अंगठा कायद्यात टिकत नाही आणि पुढे भावकीत भांडण लावतो.

आईबद्दल आता लिहितो आहे, आणि घरात तिचा विचारही असाच उशिरा होतो. रात्रीच्या कुशी बदलण्याच्या पाळ्या बहुतेक ठिकाणी तिच्याकडे जातात, कारण ‘तुला सकाळी कामावर जायचंय.’ तीन महिन्यांनी तिचं स्वतःचं बीपी वाढलेलं असतं, गुडघे सुजलेले असतात आणि ती कुणाला सांगत नाही. रात्र दोन भागांत वाटा: दहा ते दोन तुमची, दोन ते सहा तिची. किंवा एक आड एक रात्र. ब्युरोतून बारा तासांसाठी मावशी किंवा ब्रदर ठेवणं परवडत असेल तर तो रात्रीचा ठेवा. दिवसाला माणसं असतात, पण झोप परत आणता येत नाही. परगावी राहणाऱ्या भावंडाने पैसे पाठवले म्हणजे त्याचा वाटा पुरा झाला, असं होत नाही. दोन महिन्यांतून चार दिवस येऊन त्याने पूर्ण काम अंगावर घ्यावं आणि आईला माहेरी पाठवावं. आणि बाबांच्या प्रत्येक तपासणीच्या वेळी आईचं बीपी आणि साखरही तपासून घ्यावी. दवाखान्यात गेलेलोच असतो.

एक शंभर पानी वही पलंगाला दोरीने बांधून ठेवा. वेळ, कूस कोणती, काय खाल्लं, किती प्यायलं, लघवी, संडास, बीपी, एवढे रकाने. दोघांत तिघांत काम वाटलं की सगळ्यात जास्त भांडणं ‘दुपारची गोळी दिली का’ यावरून होतात. वहीने ती मिटतात. डॉक्टरही वही बघून वेगळं बोलतात.

काही गोष्टी स्वभावाच्या वाटतात, पण आजाराच्या असतात. ज्यांची डावी बाजू गेली आहे त्यांच्यापैकी काहींना डावीकडचं जगच जाणवत नाही. डोळे ठीक असतात, मेंदू ती बाजू मोजत नाही. आपल्या ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतात. बाबा भाजी-पोळी संपवतात आणि डावी बाजू जशीच्या तशी राहते. आई म्हणते, ‘कोशिंबीर आवडायची, आता तीही नको झाली.’ ताट अर्धं फिरवून द्या, लगेच खातात. दाढी अर्धीच करतात, डावीकडून आलेल्या माणसाशी बोलत नाहीत, दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटतात, सगळं त्याच एका कारणाने. सुरुवातीला उजवीकडून बोलायचं. पुढे फिजिओ सांगेल तेव्हा मुद्दाम डावीकडे बसायचं, म्हणजे मान वळवायची सवय लागते.

अचानक हुंदके देणं, किंवा नको तिथे हसू फुटणं, हेही असंच. प्रत्येक वेळी आतून दुःखच झालेलं असतं असं नाही, रडण्यावरचा ताबा सुटलेला असतो. ‘रडू नका ना बाबा’ म्हणत सगळे गोळा झाले की ते वाढतं. विषय बदलायचा, खिडकीबाहेरचं काही दाखवायचं. पण दोन आठवडे जेवण टाकलंय, व्यायामाला तोंड फिरवतात, भिंतीकडे बघून पडून राहतात, तर ते नैराश्य आहे. लकव्यानंतर ते पुष्कळांना होतं आणि औषधाने बरंही होतं. त्याला ‘मन घट्ट करा’ हा उपाय नाही.

ज्यांची उजवी बाजू गेली आहे त्यांची बऱ्याचदा वाचाही जाते. ऐकलेलं बरंच कळतं, शब्द मात्र सापडत नाही. पाणी हवं असताना तोंडातून ‘चावी’ निघतं आणि ते स्वतःवरच चिडतात. मोठ्याने बोलून उपयोग नाही, ते बहिरे झालेले नाहीत. ‘काय हवंय?’ असं विचारण्याऐवजी ‘पाणी हवं?’ असं, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारायचं. एका पुठ्ठ्यावर ग्लास, पॉट, पंखा, गोळी, चष्मा, दुखतंय, एवढी चित्रं चिकटवून ठेवायची. त्यांचं वाक्य आपण पुरं करायची घाई करायची नाही. मनात दहापर्यंत मोजायचं.

आणि हे करून बघा. पाठ झालेलं बोलणं आणि ठरवून बोलायचं बोलणं यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या असतात. म्हणून ‘पाणी’ म्हणता न येणारा माणूस कधी कधी आरती सुरात म्हणतो, वार ओळीने सांगतो, आकडे मोजतो. सकाळी, झोप झालेली असताना, दहा मिनिटं पुरेत. समोर बसायचं, तोंड दिसेल असं. ‘सोमवार, मंगळवार’ म्हणून थांबायचं. नाही आलं तर पाढे घ्यायचे, तिसरी-चौथीत पाठ केलेले पाढे फार खोल बसलेले असतात. आपण सुरू करायचं, बे एके बे. मग बे दुणे, एवढं म्हणून गप्प बसायचं आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहायचं.